शिडाच्या नावेची डोलकाठी उभी करताना आणि उतरवताना

वीस फुटी शिडाच्या नावेची अॅल्युमिनियमची डोलकाठी वजनाला फार नसते. साडेसात मीटर लांब, तारा-दोरांसकट वीस किलोच्या आसपास. दोघं जण खांद्यावर टाकून सहज चालतात, आणि त्यामुळेच माणूस गाफील राहतो. तीच काठी बुडाशी बिजागरीत अडकवून उभी करायला घेतली, की हातभर उचलतानाच कळतं की प्रश्न वजनाचा नाही, लांबीचा आहे. त्याहून मोठा प्रश्न कलण्याचा. तुम्ही दोर धरून पुढे उभे, सगळी तयारी ती मागे पडू नये याची, आणि ती जाते बाजूला. जाताना बिजागरी आणि डेकचा तुकडा घेऊन जाते.

सोलापूरकराला हे लवकर पटतं. सिद्धेश्वर यात्रेत सातही नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात तेव्हा पेलणाऱ्याच्या दंडापेक्षा त्याची नजर बघा. सगळं ध्यान काठी आडवी जाऊ न देण्याकडे असतं. तिथं सराव केलेली माणसं असतात; आपल्याकडे रविवारी सकाळी चहा पिऊन आलेले मित्र. म्हणून आपल्याला दोर, कप्प्या आणि क्रम यांच्यावर जास्त भिस्त ठेवावी लागते.

खाली सांगितलेली रीत सोळा ते बावीस फुटी, ट्रेलरवरून नेता येणाऱ्या नावेसाठी आहे. तिची डोलकाठी बुडाशी बिजागरीवर फिरते आणि मागच्या बाजूला आडवी होते. लेझरसारख्या छोट्या नावेत तारा नसतात, काठी दोन तुकड्यांची असते आणि ती सरळ उभी करून भोकात सोडायची. तिथं विजेच्या तारांचा आणि वाऱ्याचा भाग तेवढा लागू होतो.

आधी वर बघा

हा भाग घाईत वाचू नका. डोलकाठीशी संबंधित जिवावर बेतणारे अपघात सर्वात जास्त विजेच्या तारांमुळे होतात, आणि उजनीच्या काठावर तारांना तोटा नाही.

भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा करमाळा, माढा, इंदापूर अशा तालुक्यांत पसरलाय. काठाला ऊस, आणि उसासाठी पाण्यापर्यंत नेलेले शेतीपंप. प्रत्येक पंपाला लाईन आली. पाणी मागे सरलं की मोटारी पुढे सरकतात, त्यांच्यामागे केबली आणि कधीकधी बांबूवर टांगलेल्या तारासुद्धा. गेल्या हंगामात मोकळी असलेली जागा यंदा मोकळी असेलच असं नाही.

आता हिशोब करा. नियमानं, रस्त्याच्या कडेला नसलेल्या ठिकाणी ११ केव्हीपर्यंतची उघडी तार जमिनीपासून किमान ४.६ मीटरवर असावी लागते. तीच तार रस्ता ओलांडत असेल तर ६.१ मीटर. आपली काठी साडेसात मीटरची, आणि ट्रेलरवर असताना तिचं बूड जमिनीपासून दीड मीटर वर. म्हणजे शेंडा नऊ मीटरवर, त्यावर वारादर्शक किंवा अँटेना असेल तर आणखी थोडा वर. अगदी नियमात बसणारी तारही आपल्या शेंड्याच्या बरीच खाली आहे. झोळ पडलेल्या तारेचं तर विचारूच नका.

म्हणून जागा ठरवताना ट्रेलर उभा करण्याआधी पायी एक फेरी मारा. नाव जिथं असेल तिथून चारही बाजूंना काठीच्या दीडपट अंतरात एकही तार नको. मग तिथून पाण्यापर्यंतची वाट चालून या, कारण काठी उभी करून ट्रेलर पुढे न्यायचा आहे. वर बघत चाला, आणि खांबावरून खांबावर नजर न्या. उन्हात तार दिसत नाही, खांब दिसतो. दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असंच धरायचं.

"लाईट गेलीय, काही होत नाही" हे वाक्य काठावर हमखास कानावर पडतं. शेतीपंपाचा थ्री फेज पुरवठा पाळीनं येतो. सकाळी मेलेली लाईन दुपारी जिवंत होते, आणि मोटारींना आपोआप चालू करणारे ऑटो स्विच बसवलेले असल्यामुळे ती आल्याचं तुम्हाला पलीकडच्या पाण्याच्या आवाजानं कळतं. बंद तार ही चालूच समजा.

तरीही काठी तारेला लागलीच तर: नाव, ट्रेलर, गाडी, लोंबणाऱ्या तारा यांपैकी कशालाही हात लावू नका. जमिनीवर असाल तर दहा मीटर तरी लांब जा आणि इतरांना जवळ येऊ देऊ नका. नावेवर किंवा गाडीत असाल तर तिथंच बसून राहा. खाली उतरताना एक पाय जमिनीवर आणि एक हात लोखंडाला ही सर्वात वाईट स्थिती. आग लागली म्हणून उतरावंच लागलं, तर दोन्ही पाय जुळवून उडी मारा, कशालाही न शिवता, आणि पाय जुळलेलेच ठेवून लहान लहान उड्यांनी लांब व्हा. महावितरणचा १९१२ क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये आधीच असू द्या. पुरवठा बंद केल्याचं त्यांच्याकडून कळेपर्यंत कोणी जवळ जायचं नाही, अडकलेल्याला ओढायलाही नाही.

जमीन आणि वारा

काठी पाण्यात तरंगत्या नावेवर उभी करता येते, पण सोय असेल तर जमिनीवरच करा. तरंगती नाव डुलते, आणि नावेच्या थोड्याशा डुलण्यानं शेंडा मीटरभर इकडचा तिकडे होतो.

जमिनीवर करायचं तर ट्रेलर आडव्या अंगानं सपाट हवा. पाणी ओसरल्यावर उघडी पडलेली काळी माती वरून वाळलेली, आतून लोण्यासारखी असते. एक चाक चार बोटं रुतलं तरी काठी त्या बाजूला कलायला लागते. उजनी वजा पातळीत गेल्यावर तर पाण्याची कड आणि पक्की जमीन यांच्यात भलं मोठं अंतर पडतं, अशा वेळी काठी वर मुरुमावर उभी करा आणि मग ट्रेलर खाली न्या. सपाटी बघायला नावेवर आडवी स्पिरिट लेव्हल ठेवा. नसेल तर ओळंबा सोडा. ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवा, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. न जोडलेल्या ट्रेलरवर माणूस नावेच्या मागच्या टोकाला गेला की पुढचं टोक वर येतं.

वेळ सकाळची. उन्हाळ्यात दहानंतर अॅल्युमिनियम हाताला चटके देतं, आणि एप्रिल-मेमधला वळीव दुपारनंतर कुठूनही उठतो. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उजनीत उलटली आणि सहा जण बुडाले. ढग काळे झाले की उभी करायची घेतलेली काठी तशीच खाली ठेवा. झाडाची पानं सतत हलत असतील तर नवख्यांनी सुरुवातच करू नये. वारा असेलच तर ट्रेलर फिरवून नावेचं तोंड वाऱ्याकडे ठेवा, म्हणजे काठीवर आडवा जोर येत नाही. परवानगीचं आणि लाइफ जॅकेटचं आधीच उरकलेलं असू द्या.

नुसता फोरस्टे ओढून का चालत नाही

नवख्याला वाटतं, पुढची तार म्हणजे फोरस्टे धरून पुढच्या टोकाकडून ओढली की झालं. काठी आडवी असताना ती तार बिजागरीच्या जवळजवळ वरूनच जाते. तुम्ही कितीही ओढलं तरी उचलायचा जोर मिळत नाही. काठी नुसती बुडाकडे दाबली जाते. तारेला उंची द्यायला हवी. त्यासाठी जिन पोल, म्हणजे बिजागरीपाशी उभा केलेला, काठीशी काटकोनात राहणारा दोन मीटरचा दांडा. काठी वर येते तसा तो पुढे झुकत जातो.

आकडे बघा. काठी वीस किलोची, तिचा तोल बुडापासून ३.६ मीटरवर. जिन पोल दोन मीटरचा आणि ओढायची कप्पी बिजागरीच्या अडीच मीटर पुढे बांधलेली असेल, तर सुरुवातीचा ताण साधारण ४६ किलोचा येतो. तोच पोल एक मीटरचा घेतला तर ताण ७७ किलोवर जातो. चार पदरी कप्पी लावली की ४६ चे बारा, कप्पीचं घर्षण धरून पंधरा-सोळा किलो. एका माणसाचं काम. दोर दहा मिलिमीटरचा पॉलिस्टर घ्या, अठरा ते वीस मीटर. नायलॉन ताणतो, त्यामुळे काठी स्प्रिंगवर टांगल्यासारखी हलते. उन्हात पडून पांढरा पडलेला, नखानं भुकटी सुटणारा दोर इथं वापरू नका; सोलापूरच्या उन्हात असा दोर शोधावा लागत नाही.

एकच दांडा वापरला तर तोही बाजूला पडू शकतो, त्याला दोन्हीकडून ताण लागतो. माझं मत विचाराल तर सरळ ए-आकाराचा सांगाडा करून घ्या. चाळीस मिलिमीटरचे दोन पाइप, वर बोल्टनं जोडलेले, खाली डेकच्या दोन्ही कडांना बसतील असे. एमआयडीसीतला कुठलाही फॅब्रिकेशनवाला अर्ध्या दिवसात करून देतो. त्याला एकच गोष्ट नीट समजावून सांगा: दोन्ही पायांची टोकं बिजागरीच्या पिनेच्या सरळ रेषेत आली पाहिजेत.

ट्रेलरच्या पुढच्या विंचवर ओढायचा मोह होतो. चढवताना ती ठीक चालते. उतरवताना साध्या रॅचेट विंचचा खटका सोडला की सगळं ओझं हँडलवर येतं. हात सुटला तर ते हँडल गरगर फिरतं आणि मनगट मोडतं. ब्रेकची विंच नसेल तर कप्पीच बरी.

बाजूचे दोर

काठीला बाजूच्या तारा असतातच, मग वेगळे दोर कशाला? बहुतेक नावांवर त्या तारांची खालची टोकं बिजागरीच्या थोडी मागे आणि कमी-जास्त उंचीवर असतात. काठी मागे झुकली की शेंडा त्या टोकांच्या जवळ येतो आणि तारा सैल पडतात. म्हणजे नेमकं जिथं काठी सावरायची असते, तिथं त्या नुसत्या लोंबत असतात. उलट काही नावांवर टोकं बिजागरीच्या पुढे असतात. तिथं काठी आडवी करताना तारा ताणल्या जातात आणि जोर केला तर काहीतरी तुटतं. आपल्या नावेचं कुठलं प्रकरण आहे ते आधीच बघून ठेवा.

मदतीच्या दोरांचं सूत्र एका वाक्यात येतं. दोराचं खालचं टोक बिजागरीच्या पिनेची रेषा बाहेर वाढवली तर तिच्यावर पडलं पाहिजे. ती रेषा म्हणजे काठीचा फिरण्याचा आस. आसावरच्या बिंदूपासून काठीवरच्या कुठल्याही जागेचं अंतर काठी फिरताना बदलत नाही. म्हणून असा दोर काठी आडवी, तिरकी, उभी कशीही असली तरी सारखाच ताठ राहतो.

अडचण अशी की बिजागरी केबिनच्या छतावर असते आणि दोर बांधायची डेकची कड हातभर खाली. मग हवेतल्या त्या रेषेवर दोर बांधायचा कुठं? एक स्टीलची कडी घ्या. तिला तीन दोर: एक काठीवर साधारण दोन मीटर उंचीला, दुसरा डेकच्या कडेवर पुढच्या बाजूला, तिसरा मागच्या बाजूला. तिन्ही ताणले की कडी हवेत स्थिर उभी राहते. पुढचा-मागचा दोर कमी-जास्त करून ती पिनेच्या रेषेत आणा. एक जण बाजूला उभा राहून एका डोळ्यानं पिन आणि दोन्ही बाजूंच्या कड्या एका ओळीत बघतो. उंचीही जुळली पाहिजे, नुसतं पुढे-मागे जुळून भागत नाही. एकदा जमलं की गाठींना रंग लावून खुणा करा. पुढच्या वेळी पाच मिनिटांचं काम.

उचलण्याआधी

मागच्या टोकाला काठी टेकवायला लाकडी कैची हवी, डेकपासून दीड मीटर तरी उंच. काठी जिथं टेकते तिथं जुनी सोलापुरी चादर दुमडून बांधा. तिच्या जाड विणीवर काठी घसरत नाही आणि ओरखडेही पडत नाहीत. बूड बिजागरीत बसवा, बोल्टला नायलॉनचा लॉकनट.

स्टीलच्या तारा तपासताना उघडा हात फिरवू नका. सुती चिंधी घेऊन वरून खाली ओढा. जिथं चिंधी अडकेल तिथं तारेचा एखादा पदर तुटलेला आहे, बहुतेक वेळा टोकाच्या दाबलेल्या नळीपाशी. एक पदर तुटला असेल तर ती तार बदलायची.

मागची तार आणि बाजूच्या तारा आधीच जोडून ठेवा, टर्नबकल (तार आवळायचे आटेदार पेच) सैल. मागची तार राहिली तर काठी उभी होऊन तशीच पुढे जाते. पुढच्या शिडाचा हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, जिन पोलच्या टोकाला बांधा, आणि त्याचं दुसरं टोक नुसत्या जॅमरच्या (दोर दाबून धरणाऱ्या खटक्याच्या) भरवशावर सोडू नका, क्लीटवर (दोर अडकवायच्या खुंटीवर) वळसे घालून वर गाठ मारा. फोरस्टे मोकळा ठेवा म्हणजे शेवटी तो पिनेत घालायला हाताशी राहतो.

मग सगळे सुटे दोर काठीलाच आवळून बांधा. अडकण्याच्या जागा ठरलेल्या असतात: केबिनच्या खिडकीची कड, क्लीट, ट्रेलरचं मडगार्ड.

उभी करणे

आवाज एकाचाच. तो दोर ओढत नाही, फक्त बघतो आणि बोलतो. शब्द तीनच: उचला, थांबा, खाली. "थांबा" मात्र कोणीही ओरडू शकतो आणि त्यावर वाद घालायचा नाही.

काठावर बघे जमतात. चांगल्या मनानं कोणीतरी हात लावायला येतंच, आणि आलेला माणूस नेमका काठीच्या खाली उभा राहतो. नुसतं "बाजूला व्हा" म्हटलं तर माणूस दोन पावलं सरकून परत येतो. त्याला काम द्या. "मामा, तुम्ही तिथं झाडाखाली थांबून त्या उजव्या तारेवर नजर ठेवा, अडकली की ओरडा." मामा जागेवरून हलत नाहीत, आणि खरंच ओरडतात.

कप्पीचा ताण घ्या, काठी कैचीवरून वीतभर उचला आणि थांबा. हे थांबणं चुकवू नका. सगळ्या गाठींवर आता ओझं आलंय, आणि काही सुटलं तरी काठी वीतभरच पडणार आहे. कड्या रेषेत आहेत का, जिन पोल सरळ आहे का, बिजागरीच्या बोल्टवर तिरका जोर येतोय का, हे बघा. बाजूचे दोर सारखे ताठ हवेत. एक ढिला असेल तर खाली ठेवून पुन्हा जुळवा.

मग संथ, एका लयीत. दोर हाताला गुंडाळायचा नाही. क्लीटवर एक वळसा घेऊन दुसऱ्यानं त्याचं टोक धरायचं. कॉकपिटमध्ये, म्हणजे मागच्या बसायच्या जागेत, कोणी नको. जिन पोल असताना काठी खालून खांद्यानं रेटायला माणूस लागतच नाही, आणि हॅलयार्ड तुटला तर काठी तिथंच येते.

अर्ध्यावर पुन्हा थांबा आणि टर्नबकल बघा. तारेच्या खालच्या टोकाला असलेला टर्नबकल आडवा पडून अडकतो. तसंच ओढलं तर त्याचा आटा वाकतो, आणि वाकलेला आटा शिडावर जोर आला की तुटतो. एकानं लांबूनच बांबूनं किंवा हुकानं तो सरळ करायचा. ओढणाऱ्याला अचानक जड लागलं तर जास्त जोर लावायचा नाही. जसजशी काठी वर येते तसं ओझं हलकं होत जातं. मध्येच जड झालं याचा अर्थ कुठंतरी अडकलंय.

शेवटच्या टप्प्यात ओझं नाहीसं होतं आणि हात आपोआप वेग घेतो. इथं सावकाश, म्हणजे मागची तार हिसका न बसता ताठ होईल. काठी उभी झाली की कप्पीचा दोर क्लीटवर पक्का करा, वर आणखी एक गाठ. मग फोरस्टेची पिन घाला, तिच्यात स्प्लिट पिन, तिची दोन्ही टोकं फाकवलेली. ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय कप्पी सोडायची नाही. टर्नबकल आवळताना दोन्ही बाजू आलटून पालटून, म्हणजे काठी मध्यावर राहते.

उतरवणे

उतरवताना जास्त सांभाळायला हवं. दिवसभर ऊन खाल्लेलं असतं, घरी जायची घाई असते, आणि ओझ्याचा क्रम उलटा असतो. सुरुवातीला काहीच जड लागत नाही. सगळ्यात जास्त ताण शेवटच्या हातभरात येतो, जेव्हा सगळे सैलावलेले असतात.

शीड आणि बूम (शिडाच्या खालची आडवी काठी) आधी काढा. ट्रेलर पुन्हा सकाळच्याच मोकळ्या जागी, पुन्हा सपाटी, पुन्हा वर नजर. कैची जागेवर लावा. जिन पोल, बाजूचे दोर आणि कड्या, हॅलयार्ड, कप्पी असं सगळं सकाळसारखंच जोडा आणि कप्पीवर ताण घ्या. ताण इतका हवा की फोरस्टे सैल पडेल. तो हातानं हलवून सैल लागला की मगच त्याची पिन काढा. फोरस्टे आधी आणि कप्पी नंतर हा क्रम कधीही नाही.

काठी आपणहून मागे जात नाही, कारण ती तोलात उभी असते. मागची तार हातानं हलकेच ओढून तिला पाच-दहा अंश मागे आणा, आणि तिथून क्लीटवरच्या वळशानं दोर सोडत जा. एक वळसा पुरत नसेल तर दोन. दोर धरणाऱ्यानं शेंड्याकडे बघायचं नाही, त्याचं लक्ष वळशावर. शेंडा बघायला आवाज देणारा आहे. काठी कैचीच्या वीतभर वर आली की थांबा, बाजूला सरकली असेल तर कैची तिच्या खाली आणा, काठी हातानं ढकलू नका. टेकली की आधी कैचीला बांधा, मगच कप्पी सोडा.

बिजागरीचा बोल्ट, पिना, स्प्लिट पिना एका कापडी पिशवीत घालून ती पिशवी काठीलाच बांधा. खिशात ठेवलेली पिन टेंभुर्णीच्या चहाच्या टपरीवर सापडत नाही. काठी पुढे सरकवून ट्रेलरच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये अशी तीन ठिकाणी बांधा, खाली चादर. मागे बाहेर आलेल्या टोकाला दिवसा लाल कापड, रात्री लाल दिवा. सोलापूरकडे निघाल्यावर थोड्या अंतरावर एकदा गाडी थांबवून बंध पुन्हा आवळा, कारण पहिल्या दोन-तीन गतिरोधकांत ते सैल होतात.